कुंकवाची जागा

विजय नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू "चलो, निघते" म्हणून उठतात आणि दारातच अर्धा तास बोलत उभ्या राहतात. मागच्या वर्षी त्यांच्या कपाळावर, ऐन कुंकवाच्या जागी, त्वचेचा दुर्मीळ कॅन्सर निघाला. सर्जनने गाठीभोवतीची चांगली कातडीही काढली आणि मांडीची कातडी तिथं बसवली. काकू तिला ठिगळ म्हणतात.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका त्यांच्यापुढे नुसता करंडा धरत होत्या, "तुम्हीच लावून घ्या." माझंही बोट अडलं.

"काहून थांबून राहिली? दुखत नाही तिथं." काकूंनी माझं मनगट धरून बोट ठिगळावर टेकवलं.

मग डोळे मिटूनच विचारलं, "लावलंस ना? मला तिथं काही समजत नाही."