वाकळेचं गाठोडं

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्याच्याचपायी झालं.

कळंबहून स्कुटीवर अर्ध्या तासावरच्या एका गावात मी पाचवीला शिकवते. शनिवारचा शेवटचा तास कलेचा. घरातल्या टाकाऊ वस्तू आणायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवून, रंगवून चित्र करायचं. माझा नियम एकच: आधी मांडा, लांब जाऊन बघा, मगच चिकटवा. ऐकतंय कोण! डिंकाची बाटली दिसली की पोरं तुटून पडायची. पण डोकी काय चालायची एकेकाची! एकीनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या खिडक्या लावून एसटी केली. एकानं सायकलच्या फाटक्या ट्यूबची म्हैस केली आणि फुटक्या बांगड्यांची शिंगं तिला लावली. खरं सांगते, मला जन्मात सुचलं नसतं. मी आपली नुसती पुठ्ठे कापून द्यायला.

एक पोरगी मात्र लागोपाठ दोन शनिवार हात हलवत आली.

"काय गं, आजपण काही नाही?"

"म्या मायला इचारलं, म्याडम. आमच्यात टाकायचं काईच न्हाय म्हणती."

झालं, माझं डोकं फिरलं. "असं कुठलं घर असतंय गं? जुनं-पानं काहीतरी असेलच की! पुढच्या शनिवारी आणलं नाहीस तर वर्गाबाहेर बसायचं."

पोरगी खरं बोलत होती. त्यांच्या घरात तेलाचा डबा ज्वारी मोजायला होता आणि तुटक्या चपलेचं रबर दाराला बिजागरी म्हणून ठोकलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती ओरडून मोकळी झाले.

पुढच्या शनिवारी तिनं एक गाठोडं आणलं. आत जुन्या कापडांचे तुकडे. धोतराचा, लुगड्याचा, फेट्याचा, सगळे धुऊन घड्या घातलेले. घड्या बघूनच मला कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. तिनं तुकडे कापून, पट्ट्या पिळून शेतातले नांगराचे तास केले. बांधावर हिरवं लुगडं, मधे बाटलीच्या झाकणाची विहीर, आणि विहिरीच्या पाण्याला फळ्याला लावायच्या काळ्या रंगात बुडवलेले तुकडे. सगळ्यात आधी लांब जाऊन बघणारी तीच. असलं देखणं चित्र माझ्या वर्गात आजवर कुणी केलं नव्हतं. मी ते वर धरून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी काही हसली नाही. मला वाटलं, लाजतीय.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिची आई आली. डोक्याला रुमाल, हातात खुरपं, शेताकडं निघालेली. तिनं चित्र बघितलं आणि आधी म्हणाली, "आगं बया, ही तर आपली रानातली पट्टीच की! हुबेहूब." मग पदर सावरत हळूच म्हणाली, "लई ग्वाड झालंय, म्याडम. पर थोरलीला नववा लागलाय. बाळाच्या वाकळंचं गाठोडं व्हतं ते."

आमच्याकडं बाळाला पहिल्यांदा नव्या कापडावर ठेवत नाहीत. जवळच्या माणसांच्या वापरलेल्या कपड्यांची वाकळ शिवतात, त्यावर ठेवतात. पोरीच्या आईनं सहा महिने नात्यागोत्यात फिरून तुकडे गोळा केले होते. सोनारीच्या आत्याचं लुगडं, आजोबांचं धोतर, मामाचा फेटा. आणि पोरीला हे ठाऊक होतं! म्याडम ओरडतील म्हणून तिनं गाठोडं उचललं होतं. माझीच मला लाज वाटली.

"मी नवं कापड आणून देते," मी कसंबसं म्हणाले. "एकदम मऊ, भारीतलं."

"इकतचं न्हाय चालत. माणसाचं अंग लागून मऊ झालेलं लागतंय."

तिनं खुरपं भिंतीला टेकवलं आणि खाली बसली. खिचडीवाल्या मावशींकडून मी गरम पाण्याची बादली आणली. एकेक पट्टी भिजवून, डिंक चोळून काढत ती सोडवायला लागली. तिचं बघून पोरी बसल्या, मग पोरंपण. एकदाही तिनं लेकीकडं डोळे वटारून बघितलं नाही. उलट पट्टी सोडवताना म्हणायची, "किती झ्याक पिळलीया गं!" मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं.

बारक्या झालेल्या पट्ट्यासुद्धा जोडता येतील म्हणाली. पण काळ्या रंगात बुडालेल्या तीन तुकड्यांचा रंग काही केल्या निघेना.

"तीन कमी पडत्यात," ती म्हणाली. "तुमचं एकांदं जुनं लुगडं आसलं तर द्या की, म्याडम."

"माझं?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, मला मूल नाही. गावात बारसं असलं की आवतन येतं, जेवायला आग्रह होतो. बाळ हातात द्यायची वेळ आली की मात्र कुणीतरी म्हणतंच, "म्याडम, तुम्ही बसा निवांत." मी बसते. सवय झाली आहे.

मी तिच्या कानाशी वाकले. "अहो, मला लेकरू नाही. बाळाच्या अंगाखाली माझं कापड... माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हाईत हाय की," ती भिजलेलं धोतर पिळत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मऊ हाय का न्हाय, तेवढं सांगा."

"लई मऊ आहे," मी म्हणाले, आणि अख्ख्या पाचवीच्या देखत रडले.