पाठमोरं घर

गायत्री माझ्या बायंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि दिवसभर कॉम्प्युटरवर घरं बांधते. माणसानं गुहेपासून सिमेंटपर्यंत निवारा कसा उभा केला, याचं मुलांसाठी सचित्र पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकानं तिच्यावर सोपवलंय. भोरमध्ये बसून असलं काम होतं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता दुकानात जो येईल त्याला मीच वर नेऊन पानं दाखवतो.

किल्ल्याचा तट झाला, चुन्याची घाणी झाली, पूलही झाला. अडलं ते एकाच पानावर. तिथं तिला स्वतःच्या आईबापाचं घर काढायचं होतं.

ते घर वेल्ह्याच्या वाटेवर आहे. गाव धरणात जाणार म्हटल्यावर तिच्या वडिलांनी, गेनबांनी, जुनं घर उतरवलं, लाकडांवर खुणा केल्या आणि टेम्पोत घालून नव्या जागेवर आणली. त्यांच्यात चौकट आधी उभी करतात, भिंती मागून येतात. गेनबांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सवयीनं चौकटीचं तोंड राजगडाकडं केलं. जुन्या गावात तसंच होतं. इथं मात्र रस्ता नेमका मागच्या अंगाला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पूजलेली चौकट कोण हलवणार? तेव्हापासून पाहुणे गोठ्याला वळसा घालून घरात शिरतात आणि वस्ती त्याला पाठमोरं घर म्हणते.

गायत्रीला तेच पान पुस्तकाचा जीव वाटत होतं. गेनबा मात्र हटून बसले. वस्तीपुरतं हसं झालं तेवढं पुरे, आता छापून गावोगाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. चित्रात तरी दार रस्त्याकडं कर म्हणाले. मला म्हाताऱ्याचा असा राग आला! पण बापाला दुखवून गायत्रीला ते पान नको होतं. तिनं दोन्ही चित्रं केली. तुम्ही म्हणाल तेच छापेन, असं सांगायचं ठरवलं. मी तिला मोटारसायकलवरून घेऊन गेलो.

गेनबांनी आधी रस्त्याकडं दार असलेलं घर हातात घेतलं. बराच वेळ पाहून त्यांनी बायकोला विचारलं, हे कुणाचं गं. रतनबाई म्हणाल्या, "सरकारी दवाखाना दिसतोय." मला हसू आवरेना.

मग दुसरं चित्र. उघडं दार, उंबऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या रतनबाई, समोर राजगड. रस्ता कुठंच नाही. गेनबा चौकटीवरून बोट फिरवत राहिले. मग हळूहळू बोलले. नव्या जागेत पहिली कितीतरी वर्षं त्यांना काहीच आपलं वाटत नव्हतं, ना शेत, ना पाणी. सकाळी दार उघडलं की तेवढ्यापुरतं जुन्या गावातच जाग आल्यासारखं वाटायचं. हे त्यांनी कधी रतनबाईंनाही सांगितलं नव्हतं. गायत्री डोळे पुसत होती.

"हेच छाप," गेनबा तिला म्हणाले. "आन् खाली लिव, ही चौकट गेनबानं बसवली."