सरड्यांच्या लग्नाला हजर राहणारे साडभाऊ

माझ्या थोरल्या साडभाऊंइतकी सरड्यांची लग्नं पाहिलेला माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. माणसांच्या लग्नाला मात्र ते जात नाहीत. पत्रिका द्यायला दारव्ह्याला त्यांच्या घरी जावं, तर ते अंगणाच्या कडेला निंबाखाली छत्री घेऊन खुर्चीत बसलेले असतात. पत्रिका न उघडताच खिशात घालतात आणि सांगतात, "जमणार नाही. इथंच कार्य आहे." त्यांचा सरडा म्हणजे कुंपणावर मान डोलावणारा तो नव्हे. हा झाडावरचा, हिरवागार, एक डोळा पुढं तर एक मागं ठेवणारा आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी सरकारी कचेरीसारखा विचार करणारा. पंचायत समितीत जन्म काढलेल्या माणसाला तो आवडणं तसं साहजिकच होतं. लोक त्याला विषारी समजून ठेचतात. एकदा शेजारी काठी घेऊन आला, तर हे झाडाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पहिले मले मारा." तो बिचारा भिऊन घरी गेला, सरड्याला नव्हे, यांना भिऊन.

पावसाळा सरला की यांचा सीझन सुरू होतो. नर रंग उजळून फांदीवरून ऐटीत येतो. मादीच्या मनात असलं तर ती शांत बसते. नसलं तर काळपट पडते, अंगावर पिवळे ठिपके उमटतात, तोंड वासून फुसफुसते. मग नर मुकाट्यानं मागं फिरतो. हे सांगताना साडभाऊ इथं नेहमी थांबतात. "वापस जाते तो. तिच्या बापाले भेटाले जात नाही." जमलंच, तर मीलन थोडक्यात आटपतं आणि नवरदेव जो जातो तो पुन्हा तोंड दाखवत नाही. पुढं पोट फुगलेली मादी झाड सोडून खाली उतरते, जमिनीवर धड चालता येत नसताना चालते, दिवसभर माती उकरते, खड्ड्यात अंडी घालते, माती लोटून दाबते आणि निघून जाते. कित्येकजणी त्या श्रमानंच मरतात. पिल्लं निघतात ती थेट पुढच्या पावसाळ्यात, आणि ती बोटाएवढी पोरं आपली आपण फांदी शोधतात.

मागं एका मादीनं नेमकी फाटकाच्या वाटेवर अंडी घातली. साडभाऊंनी तिथं बाभळीचे काटे आणि मोडकी बाज रचली. महिनोन्‌महिने दूधवाला, सिलिंडरवाला आणि आम्ही पाहुणे भिंतीला चिकटून आत जात होतो. ताई, म्हणजे साडभाऊंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, वैतागून म्हणाली, "धाकट्या पोरीले पाहाले लोकं येतील, त्यांले काट्यातून आणू काय?" हे म्हणाले, "येऊ दे. पोरगी मागाले येतात, थोडे काटे लागू दे." अखेर पिल्लं निघाली, तर पहिली दोन कावळ्यानंच नेली. उरलेल्यांवर छत्री धरून साडभाऊंनी ती निंबापर्यंत पोचवली आणि दिवसभर अन्नाला शिवले नाहीत.

हे मुळात असे नव्हते. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी मोठ्या हौसेनं घाटंजीकडच्या एका चांगल्या घरात लावून दिलं. होकारही तिच्या वतीनं त्यांनीच दिला होता. वर्षाच्या आत ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि कागदावरही तेच राहिलं. त्यानंतर साडभाऊ त्या निंबाखाली जाऊन बसले ते उठेचनात. त्यांना उठवायची आमची कुणाची हिंमत नव्हती, आणि वर सरडे होते, एवढंच. मला त्या झाडाचा राग येतो, आणि त्याचे उपकारही वाटतात.

मागच्या हिवाळ्यात धाकटीला पाहायला पांढरकवड्याचे लोक आले. मुलाचे ट्रक होते, बोलणं गोड होतं, पोहे खाऊन झाले होते आणि ताईच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी जरा उजेड दिसत होता. धाकटी चहा घेऊन आली. तिच्या मागोमाग साडभाऊ अंगणातून आत आले, पाहुण्यांकडं न बघता तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि तिचं तोंड पाहत राहिले.

"काय पाहून राह्यले, भाऊ?" मुलाचे काका हसून म्हणाले. "लाजते पोरगी."

"थोरलीच्या वेळेस मीबी लाजच समजलोतो," साडभाऊ म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "तुले पाह्यजे काय हा पोरगा? नसंल त तसं सांग. मी बसलो आहे इथं."

धाकटीनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. "नाही पाह्यजे, बाबा," ती म्हणाली.

पाहुणे चहा न घेताच गेले. ताई महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. बाप वेडा आहे असं गावानं ठरवून टाकलं आणि त्या घरी पुन्हा स्थळ आलेलं नाही. धाकटी यवतमाळला नोकरी करते, शनिवारी येते आणि वडिलांना रागावून रागावून जेवायला लावते.

परवा साडभाऊ मला जीपपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "धाकटीचं बरं केलंत तुम्ही."

"थोरलीले पाहून गेले ना, त्या दिवशी पोरगी जेवलीच नव्हती, साडभाऊ," ते म्हणाले. "ताट तसंच होतं. मले दिसलं, अन् मी हात धुवाले उठून गेलो. घडीभर बसलो असतो तिच्याजवळ, त काय झालं असतं?"

जीप भरायला अजून माणसं कमी होती, म्हणून आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.