तळहाताखालचा प्रश्न

फॉर्मवर बायकांच्या तब्येतीचे प्रश्न आले, की ते त्यावर आडवा तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, “हे होऊन जाते जी. पुढचं सांगा.”

असे विमा एजंट तुम्हीही पाहिले असतील. हे मुर्रीहून मोपेडवर आमच्या कुडव्याला यायचे. फॉर्म स्वतःच्या सुबक अक्षरात भरायचे, आपण फक्त सही करायची. बाईची उंची लिहायची, तर तिच्याकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघून अंदाज बांधायचे. माझ्या पॉलिसीत मी पावणेसहा फुटांची आहे.

डोक्यावर चटया घेऊन विकत विकत मी स्वतःच्या फरशीच्या दुकानापर्यंत आले. मी हप्त्यावरही घासाघीस केली.

“बाई, हा भाजीबाजार नोहे,” ते म्हणाले.

“मंग भाजीवाल्यासारखे दारोदारी काऊन फिरता, भाऊ?”

ते हसले. मग रोजच्या औषधांचा प्रश्न आला. मी स्पष्ट सांगितलं, “एक गोळी घेते. अंगावरून लय जाते म्हणून डॉक्टरीणबाईनं देली. पोर होऊ नये म्हणून बाया घेतात, तीच.”

त्यांचे कान लाल झाले. तळहात खाली आला. “थे काही बिमारी नोहे. कायले लिहाचं?” तळहाताआड त्यांनी ‘नाही’ लिहिलं. मी सही केली.

पुढच्या वर्षी माझा पाय मांडीपर्यंत सुजला. नागपूरच्या डॉक्टरांनी शिरेत रक्ताची गाठ सांगितली, आणि गोळीनेही अशी गाठ होऊ शकते, म्हणून तिची नोंद कागदावर केली. कंपनीने तोच कागद धरला. रोजचं औषध लपवलं, दावा नामंजूर. दवाखान्याचं बिल उधार-उसनवारीने भरलं होतं. नवरा म्हणाला, आता दुकान विकावं लागेल.

मी एजंटना दुकानात बोलावलं. पाय स्टुलावर होता, पण तोंड शाबूत होतं.

“लिहून द्या. मी सांगतलं, तुम्ही लिहिलं नाही.”

“एजन्सी जाईन जी माझी.”

“माझं दुकान जाऊन राहिलं, भाऊ.”

एक गिऱ्हाईक फरशी बघत होतं, तेही थांबलं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो फरशी पुसत राहिला. बराच वेळ ते कोऱ्या कागदाच्या कडा सारख्या करत बसले. मी माझ्या मागणीतला एक शब्द कमी केला नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: “बाईंनी गर्भनिरोधक गोळी घेत असल्याचे मला सांगितले होते. मला लाज वाटली, म्हणून मी लिहिले नाही.”

“लाजेचं काढून टाका,” मी म्हटलं. माझा आवाज उगाचच खाली आला होता.

“मंग थे खरं राहणार नाही, बाई.”

कंपनीशी तीन महिने भांडले, तेव्हा दावा मंजूर झाला. त्यांची एजन्सी त्याआधीच गेली होती.

मंजुरीचं पत्र घेऊन मी लंगडत मुर्रीला गेले. राग होताच, अजून आहे. एका शब्दाच्या लाजेपायी त्यांनी मला रस्त्यावर आणलं असतं. पण फॉर्म माझ्यासमोर होता, मला वाचता येतं, आणि भाव पाडायच्या नादात मी तो वाचला नव्हता. एवढं त्यांना सांगायचं होतं.

घराला कुलूप होतं. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “थे तिरोड्याले गेले, भावाकडे. येतीन का नाही, सांगतलं नाही.”

मी पत्राची घडी घातली आणि रिक्षावाल्याशी भाव न करता बसले.