कॉम्बो पास आणि रविवारच्या खुर्च्या

आमच्या शहरातल्या बूढ़ा तालाबाची शपथ, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती कोणती ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितली तर तुम्ही चहा अर्धा टाकून उठाल.

तर आमच्या इथल्या मराठी मंडळानं दोन नाटकं ठेवली होती. शनिवारी पुण्याची विनोदी कंपनी, तिकीट दोनशे. रविवारी आमचं घरचं नाटक, तिकीट शंभर. त्यात मुख्य भूमिका शोभाची. म्हणजे माझ्या बायकोची! बावीस वर्षांनी तोंडाला रंग लावणार होती. घरात असा सराव, की तिचं वाक्य संपेपर्यंत कुकरसुद्धा शिट्टी दाबून धरायचा.

शनिवारची तिकिटं धडाधड जात होती. रविवारची? अकरा!

"अहो, किती गेली?" शोभा रोज विचारायची.

"जाऊन राहिली ना!"

मग माझं डोकं चाललं. नको तेव्हाच चालतं ते. मीटिंगमध्ये उभा राहिलो. "कॉम्बो पास काढा! एका पासात दोन कूपनं, दोन्ही नाटकं मिळून दोनशेवीस. वीस रुपयांत रविवार मिळाला तर कोण सोडतं?"

टाळ्या पडल्या! रेल्वेतून टीसी म्हणून रिटायर झालेले आमचे नाना तेवढे पुटपुटले, "पास म्हटला की लोक डोकं लावतात रे भाऊ. मले विचार."

नानांना कोण विचारतो? मी पास छापायला भनपुरीच्या प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाला म्हणाला,

"भैया, दोनों कूपन पे अलग-अलग दिन डालना है क्या?"

अलग म्हणजे छपाई महाग. मी ऐटीत म्हणालो, "एक जैसे छाप दो. हमारे लोग सीधे हैं."

सीधे!

पास दोन दिवसांत संपले. आनंदानं शोभानं मला शिरा करून घातला. तो अजून घशात अडकलेला आहे.

शनिवारी नाट्यगृहाच्या दारात पाहतो तर जत्रा! एकेका पासवर दोघं. एक कूपन नवऱ्याचं, एक बायकोचं. दोनशेचं नाटक एकशेदहात!

"वहिनी, दुसरं कूपन उद्याचं आहे!" मी ओरडलो.

"कुठी लिहून आहे, भाऊजी?"

लिहून नव्हतंच. लोक पायऱ्यांवर बसले, भिंतींना चिकटले. एवढ्यात अभनपुराहून माझा मेहुणा टपकला, शोभाचा सख्खा भाऊ.

"अरे, दीदीचं नाटक उद्या आहे!"

"उद्या दुकान आहे ना, जिजाजी. आजच पाहून घेतो."

आणि मी काय केलं? माझं दुसरं कूपन त्याला दिलं. दोघं पोट धरून हसलो.

रविवारी आत तीच अकरा माणसं. दारात नाना.

"कूपन?"

"नाना, मी हो! आत बायको आहे माझी!"

"टीसीले नातेवाईक नसते भाऊ. तुझं कूपन काल फाटलं."

दोन तास बाहेर उभा राहिलो. दारातून शोभाचा आवाज येत होता. भरलेल्या नाट्यगृहासाठी लावलेला, खणखणीत.

नाटक संपल्यावर ती रंगासकट बाहेर आली. "अहो, कुठं बसले होते तुम्ही? दिसले नाही."

"मागं होतो."

"मागं तर कोणीच नव्हतं," एवढंच म्हणाली आणि टिकली काढू लागली.

आता ती खोटी जागा. नानांनी मला अडवलं नव्हतं. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा ना भाऊ आत. बारा तरी होतील."

मीच गेलो नाही. त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या मी छापून आणल्या होत्या. त्यातल्या एकीवर बसायची हिंमत झाली नाही.