रफूबाईंचं आभाळ

रफूबाईंच्या दुकानात शिरताना मान वाकवावी लागे, आणि आत वळायला जागा नसल्यामुळे गिऱ्हाईक उलट्या पावली बाहेर पडे. दुकान जहाजाच्या तिसऱ्या मजल्यावर, पाण्याची टाकी आणि शाळा यांच्या मधल्या बोळात होतं. जमिनीला बोल्ट मारून पक्कं केलेलं एक टेबल, भिंतीवर लोहचुंबकाची पट्टी, पट्टीवर लांबीप्रमाणे लावलेल्या अठरा सुया आणि एक खुर्ची. या खुर्चीवर बाई चाळीस वर्षं बसत होत्या. जहाजावर नवं कापड तयार होत नसे. निघताना जे अंगावर आणि गाठोड्यांत होतं तेच तिसरी पिढी वापरत होती. सहाशे माणसांची अब्रू बाईंच्या हातात आहे असं लोक गमतीने म्हणत, आणि एकंदरीत ते खरंच होतं.

ही सहाशेच्या सहाशे माणसं ऐकणारी होती. म्हणजे समोरच्याच्या मनातलं त्यांना ऐकू येई. शेजारच्या खोलीतलं भांडण आपल्याला येतं तसंच, नको म्हटलं तरी. त्यामुळे 'मनातल्या मनात' असं जे आपण सहज म्हणतो, ते या जहाजावर कोणी म्हणत नसे. आधी ही माणसं ज्या जगांत राहत होती तिथे त्यांना मनचोर म्हणत. सुरुवातीला मनगटावर पट्टा आला, मग वस्ती वेगळी झाली, आणि शेवटी धुलाईघरं उघडली. तिथे माणूस आत जाई आणि सात दिवसांनी इतक्या स्वच्छ मनाने बाहेर येई, की स्वतःच्या पोरांची नावंही त्यात उरत नसत. ज्यांना पळता आलं ते ताऱ्यांमधून जाणाऱ्या या जहाजात बसले.

कुठे जायचं ते ठरलेलं होतं. माणूस मुळात जिथे जन्मला ते जग शोधायचं. त्याला हे लोक पहिलं घर म्हणत. ते हरवून इतकी युगं लोटली होती, की बाकीची माणसं त्याला भाकडकथा समजत. नकाशे तर केव्हाच नाहीसे झाले होते. पण ऐकणाऱ्यांच्या घरांत एक ठेव टिकून होती, ती म्हणजे तिथलं रात्रीचं आभाळ. कोणीतरी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मरण्याआधी मुलीच्या हातावर हात ठेवून मनातून मनात दिलं होतं. तिने ते पुढे दिलं. मनातून दिलेलं खोटं असूच शकत नाही, ही या लोकांची ठाम समजूत. थापा मारायच्या त्या तोंडाने.

आता सुईचं सांगायला हवं. सुई हातात असलेल्याच्या मनात डोकावायचं नाही, असा जहाजावरचा रिवाज होता. त्यात सभ्यपणा थोडा आणि धडा जास्त होता, कारण शिवणाऱ्याच्या बोटाला टोचलं की ऐकणाराही कळवळे. शिवाय शिवणाऱ्याच्या मनात ऐकण्यासारखं असतं तरी काय? एक टाका, पुढे दुसरा टाका. रफूबाईंनी हे दहाव्या वर्षीच हेरलं आणि तेव्हापासून सुई हातची सोडली नाही. जेवतानाही त्यांच्या मांडीवर कोणाचा तरी पायमोजा असे. "ही एक दिवस मला चादरीला शिवून टाकणार," असं त्यांचा नवरा म्हणायचा. बिचारा तीस वर्षं संसार करून गेला, पण बायको फार कामसू आहे यापलीकडे त्याला काही कळलं नाही. झोपेत तोंडून काही निघत असेल तर असेल. झोपेत सगळ्यांचीच मनं बरळतात, आणि बरळणं कोणी धरून बसत नाही.

बाई लपवत होत्या ते असं.

नऊ वर्षांच्या असताना त्या मावशीकडे राहायच्या. मावशी रफू करायची. तिची खोली कापडाच्या गोदामामागे होती. एके सकाळी धुलाईवाले आले. मावशीने पोरीला कापडाच्या गठ्ठ्यांमागे ढकललं, तिचा हात धरला आणि घाईघाईने आभाळ द्यायला सुरुवात केली. दारावर लाथ बसली तशी पोरगी दचकली आणि तिने हात ओढून घेतला. मावशीला ते घेऊन गेले. पुन्हा ती दिसली नाही.

गठ्ठ्यांमागे बसून पोरीने मनातलं आभाळ उलगडून पाहिलं, तर ऐन डोक्यावर एक भोक होतं. तळहाताएवढं, काळंकुट्ट, त्यात एकही तारा नाही. आपण हात ओढला म्हणून हे फाटलं, असं तिच्या मनाने घेतलं. किती पिढ्यांनी जिवापाड जपलेली वस्तू आपल्या हातात आली आणि फाटली. तिला मावशीच्या जाण्याहूनही त्याची लाज जास्त वाटली, आणि मग त्या वाटण्याचीही लाज वाटली.

फाटलं की रफू करायचं, एवढं तिला येत होतं. रफूचा दोरा बाहेरून आणायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, म्हणजे रंग जुळतो आणि कोणाला माग लागत नाही, ही मावशीची पहिली शिकवण. पोरीने आभाळाच्या अगदी खालच्या कडेचे सात तारे उसवले. कडेकडे कोण बघतं? ते सात तारे तिने भोकावर विणले. दोन दिवस लपून तिने दुसरं काही केलं नाही. काम इतकं सफाईदार झालं, की तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढून जहाजात चढवलं तेव्हा कुठे विणलंय ते तिचं तिलाही चटकन सापडेना.

जहाजात सगळ्यांची आभाळं ताडून पाहिली. मोठी माणसं बहुतेक धुलाईत गेलेली. उरलेल्यांकडे तुकडे, चिंध्या. अख्खं आभाळ एवढ्या माणसांत या एका पोरीकडे. जोडे शिवणारे एक आजोबा होते, धुलाईघराच्या दारातून पळून आलेले. ते म्हणाले, "माझ्याकडे मधोमध काळं आहे. तारे नाहीत तिथे." लोकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढं धुतलं गेलं असेल हो आजोबा, म्हणाले. पोरगी तिथेच उभी होती; एवढ्या मनांच्या गलक्यात तिचं मन कोणाला वेगळं ऐकू आलं नाही. सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळे तिच्याकडे असे बघत होते, जणू तीच आता त्यांचं घर. तिने मूग गिळले. मग एकेकाने तिच्या हातावर हात ठेवून ते अख्खं आभाळ घेतलं. आजोबांनीही घेतलं, आणि घेताना ते रडले.

याला बावन्न वर्षं झाली. त्या रफूवर जहाज चालत होतं.

वाटाड्या, म्हणजे जहाजाची दिशा ठरवणारा, हा बाईंचा भाचा. आधी ते काम बाईंच्या भावाकडे होतं; भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाकडे आलं. चौतिशीतला, शांत, कोपरं टेबलावर घासत बसणारा माणूस. बाही फाटल्याशिवाय तो आत्याकडे फिरकत नसे. त्या दिवशी तो सकाळच्या पाळीत आला तेव्हा बाही धड होती.

"आत्या, सापडले."

"काय सापडले?"

"मधले सात तारे. उजव्या अंगाला. आपापसातली अंतरंसुद्धा तंतोतंत जुळतात."

सुई बाईंच्या बोटात गेली. "आई गं," भाचा म्हणाला आणि स्वतःचंच बोट चोळू लागला. आनंदाच्या भरात तो रिवाज विसरला होता.

"परवा सकाळी जहाज वळवायचं," तो म्हणाला. "इंधन एका वळणापुरतंच आहे. एकदा वळलो की मग बदलता येणार नाही."

"आणि चुकलं तर?"

"तुझं आभाळ आहे आत्या. चुकेल कसं?"

तो गेल्यावर बाईंनी हातातलं काम संपवलं, कारण ते आठ नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं एकुलतं एक पांघरूण होतं. मग त्यांनी विचार केला. सात तारे खरे होते, म्हणून तर सापडले. पण त्यांची जागा कडेला होती, मधे नाही. त्यांच्या दिशेने जायचं म्हणजे घराचा उंबरठा समजून कुंपणाकडे चालत सुटायचं. न सांगावं तर ही माणसं, त्यांची पोरं आणि त्या पोरांची पोरं रिकाम्या अंधारात जाणार. सांगावं तर त्यांच्याकडे होतं नव्हतं तेही जाणार, आणि ते कोणी घालवलं हेही त्यांना कळणार. मरणाला बाई भीत नव्हत्या. सहाशे मनं एकदम आपल्याकडे वळतील, याची त्यांना भीती वाटत होती. त्या दोन दिवसांत त्यांनी इतकं शिवलं, की शेवटी धड कपड्यांच्या कडाही दुमडून झाल्या.

वळणाच्या दिवशी सकाळी त्या भाच्याच्या खोलीत गेल्या. खोलीभर कागद होते, टेबलावर भावाची जुनी नोंदवही होती. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी वेगळं आहे हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

"सुई कुठे विसरलीस?"

"विसरले नाही. ठेवून आलेय. आता ऐक."

त्याने ऐकलं. गोदाम, लाथ, ओढून घेतलेला हात, सात तारे, आजोबांचं रडणं, सगळं. त्याच्या मनातून जे येत होतं ते बाई ऐकत उभ्या राहिल्या; त्यात त्यांच्यासाठी चांगलं काही नव्हतं.

"बावन्न वर्षं," तो शेवटी म्हणाला. "बाबांना माहीत होतं?"

"कोणालाच नव्हतं."

तो उठला, बसला, परत उठला. "ते भोक मला दाखव. तुझं विणलेलं सगळं काढ आणि दाखव."

बाईंनी बावन्न वर्षांनी ती वीण उसवली. तारे एकेक करून कडेला गेले आणि मधे काळं उरलं. भाचा ते पाहत राहिला. पाहता पाहता त्याच्या रागात काहीतरी दुसरंच शिरलं.

"आजोबांचं काळं कुठे होतं म्हणालीस?"

"मधोमध."

"म्हणजे इथेच. धुलाईवाले काय तुझ्या आभाळाचं माप घेऊन आले होते? आत्या, तुला कापडातलं कळतं. याची कड बघ आणि मला सांग."

बाईंनी पाहिलं. नवव्या वर्षी त्यांनी भोक पाहिलं होतं आणि ते बुजवलं होतं. त्यानंतर तिकडे बघायचा त्यांना धीर झाला नव्हता. हजारो फाटके कपडे हाताखालून गेल्यावर आज त्या पहिल्यांदा ती कड बघत होत्या. फाटलेल्या कडेला दोरे लोंबतात, वीण ताणली जाते, शेजारचं कापड गोळा होतं. इथे तसलं काहीच नव्हतं. तारे काळ्याकडे जाता जाता मंद होत गेले होते, शेवटचे तर जेमतेम दिसत होते, आणि कुठेही ताण नव्हता.

"हे फाटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "हे असंच आहे."

भाच्याने नोंदवही ओढली आणि भराभर पानं उलटली. बावीस वर्षांपूर्वीचं पान सापडलं. भावाचं अक्षर बाईंनी लांबूनही ओळखलं. 'डाव्या अंगाला मोठा काळोख. धुळीचा ढग असावा. आत एकही तारा नाही. पाहण्याजोगं काही नाही.'

"त्याच्या शेजारून गेलो आपण," भाचा म्हणाला. "बाबा सात तारे शोधत होते."

"परत जायला किती लागतील?"

"वळायचं, आणि बावीस वर्षं. मी पोचेन. तू…"

पुढचं तो बोलला नाही, पण बाईंना ते ऐकू आलं.

दुपारी सगळ्यांना जमवून सांगितलं. भाच्याने तोंडाने सांगितलं आणि बाई मोकळ्या हातांनी शेजारी उभ्या राहिल्या, म्हणजे ज्याला पारखून घ्यायचं त्याला घेता येईल. आरडाओरडा झाला नाही. ऐकणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. म्हाताऱ्यांचा राग सगळ्यात वाईट होता, कारण त्यांचीच बावीस वर्षं गेली होती. बाई शेवटचा माणूस जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या आत जहाज वळलं.

महिनाभर दुकानात कोणी आलं नाही. काम नाही म्हणून सुई नाही, आणि सुई नाही म्हणून बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनातला आपला उद्धार बाईंना स्पष्ट ऐकू येई. पुढे एकेक जण येऊ लागला. माफ केलं होतं असं नव्हे. पण विजारी काही माफीसाठी थांबून फाटत नाहीत, आणि चुकीचं आभाळ मनात ठेवूनही चालणार नव्हतं. प्रत्येकाला ते बाईंकडूनच उसवून घ्यावं लागणार होतं. लोक येत, कपडा टेबलावर टाकत, हात पुढे करत, बाई सात तारे काढून कडेला लावत, आणि माणूस उलट्या पावली निघून जाई.

शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या रफूबाईंच्याच वयाच्या, लहानपणापासूनच्या ओळखीच्या, आणि महिनाभरात त्यांनी एक शब्द टाकला नव्हता. पोचणाऱ्यांत त्याही नव्हत्या. त्यांनी उभ्या उभ्याच हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि उसवायला लागल्या.

बाहेरच्या टाकीत धाडकन पाणी पडायला लागलं. मास्तरीणबाईंनी दचकून हात काढून घेतला. मग डोळे मिटून आत पाहिलं, आणि मधलं काळं खरं आहे हे ऐकलेलं असूनही त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हात ओढला मी. म्हणून राहिलं का हे काळं? मधलं?"

रफूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला एवढ्या चिंध्या समोर होत्या, पण त्यांनी एकही उचलली नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तू हात ओढलास तेव्हा माझं देऊन झालं होतं. माझ्या मावशीचंही झालं होतं."