न झोंबणारी मिरची

नंदुरबारला मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानात, म्हणजे पथारीवर, दिवसभर मिरचीचे देठ खुडले की संध्याकाळी बायांच्या हातांची नुसती आग आग होते. कुणी तेल चोळतं, कुणी ताकात बोटं बुडवतं, आणि सगळ्या मिळून मिरचीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. यंदा धनुबाईच्या हातांची आग मात्र होईनाशी झाली. इतक्या वर्षांनी हिची कातडी पक्की झाली, असं बायांचं मत पडलं आणि त्यांना हेवाही वाटला. धनुबाई काही दिवस तोऱ्यात वावरली, खोटं कशाला बोला. मग चुलीवरची कढई उतरवताना तिच्या करंगळीला चटका बसला, फोड आला, आणि ते तिला कळलं भांडी घासताना. तोरा तिथेच उतरला.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितलं. पेनाचं टोक लागेल तिथे दुसऱ्या हाताने दाखवायचं, एवढंच काम. धनुबाई वाट पाहत राहिली. शेवटी वैतागून म्हणाली, "लावा ना मॅडम, मी कवयनी वाट देखी ऱ्हायनू."

डोळे उघडले तर टोक तिच्या करंगळीत रुतलेलं.

मिरची झोंबते कातडीला, पण कळतं मेंदूला, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मधला निरोप नेतात नसांमधल्या धाग्यासारख्या लांब पेशी. पेशीतून तो बारीकशा विजेसारखा धावतो. पेशी संपली की टोकाशी रसायन सुटतं, त्यावरून पुढची पेशी निरोप उचलते, आणि असा तो पाठीच्या कण्यातून डोक्यापर्यंत पोचतो. धनुबाईच्या कोपरापाशी नस सुजली होती, निरोप तिथेच अडत होता. कुष्ठरोगाची सुरुवात होती. गोळ्यांनी बरा होतो, पण गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही. आणि हो, घरच्यांनाही तपासायला आणा.

बरा होतो, हे धनुबाईच्या कानात शिरलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे तिची सून शीला उभी राहिली, रोज तिच्या ताटात जेवणारी.

घरी येताच तिने केरसुणीची काडी मोडली आणि शीलाला डोळे मिटायला लावले. सासूला आज खेळ सुचला म्हणून शीला हसतच बसली. धनुबाईने माहीत होते तेवढे देव आळवले. शीलाने अंगठा ओळखला, मधलं बोट ओळखलं. करंगळीवर धनुबाईने काडी जेमतेम टेकवली.

"ही करंगयी," शीला म्हणाली. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "आत्या, तुमना हात का बरं थरथरी ऱ्हायना?"